मदत हवी आहे: ‘आय रेकन’ किती पक्कं धरायचं?

मेलबर्नच्या टीमसोबत काम करते. तिथले सहकारी कॉलवर सारखं ‘आय रेकन’ म्हणतात. मत विचारायचं तरी ‘व्हॉट डू यू रेकन?’ शब्दकोश पाहिला. मूळ अर्थ मोजणे, हिशेब करणे. बोलण्यात ‘मला वाटतं’. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात सर्रास, अमेरिकेत मात्र दक्षिणेकडचा, ग्रामीण बाज, इथवर कळलं.

अडतंय ते पुढे. ‘आय रेकन इट्ल बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे नुसता अंदाज, की शुक्रवार धरून चालायचं? टेस्टिंगची तारीख मला त्यावरच लावावी लागते, आणि दर वेळी उलट विचारणं बरं दिसत नाही. शिवाय मेलमध्ये अमेरिकन क्लायंटही असतो. तिथे मी ‘रेकन’ लिहिलं तर चालेल, की ‘थिंक’च बरं? ऑस्ट्रेलियात राहिलेलं कुणी सांगेल का?