‘कालिफिकासिओन’ला मराठीत काय म्हणावे? अर्जेंटिनाच्या चित्रपटनियमनातील काही शब्द

पृच्छा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अर्जेंटिनातील चित्रपटव्यवसायावरील एका स्पॅनिश लेखाचे मी मराठी भाषांतर करत आहे. त्यात ‘कालिफिकासिओन’ हा शब्द वारंवार येतो. त्यासाठी ‘अर्हता’ किंवा ‘पात्रता’ हे प्रतिशब्द हाताशी आहेत, परंतु ‘चित्रपट अर्हता संस्था’ असे लिहिल्यास वाचकाला काही बोध होईल असे वाटत नाही. सरळ ‘सेन्सॉर बोर्ड’ असे लिहावे का? याच लेखात ‘पेलिकुला बिर्हेन’, ‘एक्सिबिसिओन ओब्लिगातोरिया’ आणि ‘नूमेरो बीबो’ हे शब्दप्रयोगही आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण या एका शब्दाच्या अर्थात तीस वर्षांचा इतिहास दडलेला आहे आणि सरसकट ‘सेन्सॉर’ लिहिल्यास तो पुसला जाईल.

आधी सोपा शब्द घेऊ. ‘पेलिकुला बिर्हेन’ म्हणजे शब्दशः ‘कुमारी फिल्म’, अर्थात अजून प्रकाश न लागलेली, चित्रीकरण न झालेली फिल्म. आपल्या चित्रपटसृष्टीने तिला ‘कच्ची फिल्म’ म्हटले. स्पॅनिश शब्द स्पर्श न झाल्याकडे पाहतो, तर मराठी शब्द तयार होण्याच्या बाकी असलेल्या क्रियेकडे पाहतो. आपण निःशंकपणे ‘कच्ची फिल्म’च वापरावे. महायुद्धाच्या काळात आपल्याकडेही कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले होते आणि बोलपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली गेली होती, त्यामुळे टंचाईची छटा या मराठी शब्दाला आधीच चिकटलेली आहे. अर्जेंटिनाच्या बाबतीत ती छटा हवीच. युद्धात तो देश तटस्थ राहिल्यामुळे अमेरिकेने त्याचा कच्च्या फिल्मचा पुरवठा आवळला आणि दोस्तांच्या बाजूने उतरलेल्या मेक्सिकोला हात सैल सोडून फिल्म दिली. १९४२ साली अर्जेंटिनात ५६ चित्रपट निघाले होते, ते १९४५ साली २३ वर आले. स्पॅनिश भाषिक देशांची बाजारपेठ मेक्सिकोकडे गेली ती याच काळात.

युद्ध संपले, तरी फिल्मचा प्रत्येक डबा परदेशातूनच यायचा होता, आणि आता तो कोणाला द्यायचा हे ठरवणे स्वदेशी सरकारच्या हाती आले. हुआन पेरोन यांच्या राजवटीत माहिती आणि वृत्त खात्याची सूत्रे १९४९ पासून राउल अलेहान्द्रो आपोल्द यांच्याकडे होती. फिल्मचे वाटप, सरकारी बँकेचे कर्ज आणि चित्रपटगृहात मिळणारी जागा या तिन्ही गोष्टी त्या खात्याच्या मर्जीशी बांधल्या गेल्या. मर्जीतून उतरलेल्या कलावंतांना काम मिळेनासे झाले. लिबेर्ताद लामार्के यांच्यासारखी लोकप्रिय गायिका-अभिनेत्री मेक्सिकोला गेली आणि तिचे पुढचे यश तिथलेच झाले. म्हणून या कालखंडाच्या वर्णनात ‘सेन्सॉर’ हा शब्द जपून वापरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सेन्सॉर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कात्री येते, आणि कात्रीला आधी तयार चित्रपट लागतो. इथे तर कच्ची फिल्मच हाती पडली नाही की चित्रपट जन्मालाच येत नसे. ‘नियंत्रण’ हा शब्द इथे अधिक प्रामाणिक आहे.

‘एक्सिबिसिओन ओब्लिगातोरिया’ला ‘सक्तीचे प्रदर्शन’ म्हणता येईल, पण मराठीत ‘प्रदर्शन’ म्हणजे बहुधा चित्रपट पहिल्यांदा लोकांसमोर येणे. मूळ अर्थ वेगळा आहे: चित्रपटगृहाच्या मालकाने ठरावीक प्रमाणात देशी चित्रपट लावलेच पाहिजेत. हे बंधन १९४४ च्या हुकूमनाम्याने घातले आणि १९४७ च्या १२,९९९ क्रमांकाच्या कायद्याने पक्के केले. सक्ती आहे ती मालकावर. ‘तीनचा खेळ’, ‘सहाचा खेळ’ असे आपण म्हणतच आलो आहोत, तेव्हा ‘देशी चित्रपटांसाठी राखीव खेळ’ असे लिहिल्यास अर्थ पहिल्या वाचनातच पोहोचेल. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळेचा खेळ मिळावा यासाठी आपल्याकडे होणारी मागणी ठाऊक असलेल्या वाचकाला तर हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता मुख्य शब्द. ‘कालिफिकार’ या क्रियापदाचा घरगुती अर्थ शाळेतला आहे. शिक्षक उत्तरपत्रिका तपासून जे देतात, ते ‘कालिफिकासिओन’. योगायोगाने मराठीत ‘गुण’ या शब्दातही हीच दुहेरी सोय आहे, कारण अंगचा गुणही तोच आणि परीक्षेतला गुणही तोच. पेरोन यांची सत्ता १९५५ साली उलथवल्यानंतर १९५७ च्या ६२ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने राष्ट्रीय चित्रपट संस्था स्थापन झाली, आणि देशी चित्रपटांना ‘ए’ आणि ‘बी’ अशा श्रेणी मिळू लागल्या. ‘ए’ मिळालेला चित्रपट लावणे मालकांना बंधनकारक होते, ‘बी’ मिळालेला लावणे नव्हते. वरकरणी हा शाळेतलाच न्याय, पण ज्याला ‘बी’ मिळाली त्याला चित्रपटगृहांचे दार स्वतःच ठोठवावे लागे, आणि ज्यांच्यामागे मोठा स्टुडिओ नव्हता अशा नवोदित दिग्दर्शकांना ते बहुतेक वेळा बंदच सापडे. १९५७ च्या संदर्भात ‘श्रेणी’ आणि ‘श्रेणीनिश्चिती’ हे शब्द चपखल बसतात.

अडचण पुढे येते. डिसेंबर १९६८ मध्ये ओंगानिया यांच्या लष्करी राजवटीने १८,०१९ क्रमांकाचा कायदा केला आणि ‘एन्ते दे कालिफिकासिओन सिनेमातोग्राफिका’ ही संस्था उभी केली. शब्द शाळेतलाच राहिला, काम मात्र पूर्ण बदलले. व्यभिचाराचे समर्थन, विवाहसंस्थेला बाधा, गर्भपात, देशरक्षणाचे कर्तव्य नाकारणे, राष्ट्रीय सुरक्षेला धोका अशी निषिद्ध विषयांची यादीच कायद्यात होती, आणि चित्रपट कापण्याचा किंवा सरळ बंद करण्याचा अधिकार या संस्थेला होता. १९७३ साली काही महिने चित्रपटकार ओक्ताविओ हेतिनो तिचे प्रमुख होते, तेव्हा अडकलेले अनेक चित्रपट सुटले. १९७४ पासून मिगेल पाउलिनो तातो आले. स्वतः जुने चित्रपटसमीक्षक असलेल्या या गृहस्थांनी इतके चित्रपट अडवले की त्या संस्थेचे नाव आणि त्यांचे नाव लोकांच्या तोंडी एक झाले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. संस्थेचे नाव भाषांतरित करताना ‘चित्रपट श्रेणीनिश्चिती संस्था’ असेच लिहावे, आणि तिने केलेल्या कामाचे वर्णन करताना ‘बंदी’, ‘काटछाट’, ‘सेन्सॉरशिप’ हे शब्द मोकळेपणाने वापरावेत. सत्तेने स्वतःसाठी मवाळ शब्द निवडला होता. भाषांतरकाराने तो बदलून कठोर केला, तर त्या निवडीचा पुरावाच नाहीसा होतो, आणि वर्णनातही मवाळ शब्दच ठेवला, तर ज्यांचे चित्रपट डब्यात राहिले त्यांच्यावर अन्याय होतो.

शंका

आपल्याकडे ‘सेन्सॉर’ हा शब्द इतका रुळलेला असताना वाचक ‘श्रेणीनिश्चिती’ स्वीकारतील का? शिवाय ‘परिनिरीक्षण’ हा मराठी शब्द उपलब्ध आहेच.

उत्तर

रुळलेला आहे, पण कोणत्या अर्थाने रुळला आहे तेही पाहावे. ‘नाटक सेन्सॉर करून घेतले का?’ असे आपण विचारतो, तेव्हा त्याला मंजुरी मिळाली का, एवढेच विचारायचे असते. ‘चित्रपट सेन्सॉर झाला’ म्हणजे तो आता लागायला मोकळा झाला. स्पॅनिशमध्ये ‘सेन्सुरादा’ म्हटलेला चित्रपट कापलेला किंवा बंद पाडलेला असतो. म्हणजे त्या वाक्याचे जसेच्या तसे मराठी केल्यास अर्थ नेमका उलटा लागेल, म्हणून तिथे ‘सेन्सॉरने अडवलेला’ असे पूर्ण लिहावे.

‘परिनिरीक्षण’ हा शब्द महाराष्ट्रात रंगभूमीच्या मंडळाच्या नावाशी घट्ट जोडलेला आहे आणि त्यात श्रेणी देण्याचा अर्थ नाही. ‘प्रमाणन’ अधिक जवळचा आहे. आपल्या केंद्रीय मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ १९८३ साली जाऊन ‘प्रमाणन’ आले, तरी लोक आजही सेन्सॉर बोर्डच म्हणतात. मात्र प्रमाणपत्र मिळते किंवा मिळत नाही. ‘ए’ आणि ‘बी’ यांतला उतरता क्रम ‘प्रमाणन’मधून दिसत नाही.

अर्जेंटिनात १९८४ साली २३,०५२ क्रमांकाच्या कायद्याने ती संस्था आणि तिचे अधिकार दोन्ही संपवले, परंतु ‘कालिफिकासिओन’ हा शब्द ठेवला. आता त्याचा हेतू मुलांचे संरक्षण आणि प्रौढांना आगाऊ सूचना एवढाच उरला. या टप्प्यासाठी ‘वयोगटनिश्चिती’ म्हणावे, आणि ‘आप्ता पारा तोदो पुब्लिको’ या शेऱ्याला ‘सर्वांसाठी योग्य’.

‘नूमेरो बीबो’ राहिले, म्हणजे शब्दशः ‘जिवंत कार्यक्रम’. १९५३ च्या १४,२२६ क्रमांकाच्या कायद्याने चित्रपटगृहांना पडद्यावरच्या खेळाबरोबर रंगमंचावर गायक, वादक, नर्तक अशा कलावंतांचा प्रत्यक्ष कार्यक्रम ठेवणे भाग पाडले, जेणेकरून त्यांना रोजगार मिळावा. ‘जिवंत’ हे विशेषण इथे परके वाटण्याचे कारण नाही. गणेशोत्सवात माणसांनी उभ्या केलेल्या देखाव्याला आपण ‘जिवंत देखावा’ म्हणतोच, तेव्हा ‘जिवंत कार्यक्रम’ असे लिहावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात खुलासा द्यावा.