मदत हवी आहे: ५ सेंमी काचेवर पेरोव्स्काइट फिल्म (सोलर सेलचा प्रकाश शोषणारा थर), स्पिन (काच फिरवून), ब्लेड (पात्याने शाई ओढून) की दोन टप्पे (आधी लेड आयोडाइड, मग त्यावर मिथिलअमोनियम आयोडाइड)?

काचपट्टी: टिन ऑक्साइडवर मिथिलअमोनियम लेड आयोडाइड. शाई १.४ मोलर, म्हणजे दर मिली द्रावणात लेड आयोडाइड ६४५ मिग्रॅ, मिथिलअमोनियम आयोडाइड २२३ मिग्रॅ, द्रावक डीएमएफ-डीएमएसओ ४:१. स्पिन ४००० आरपीएम, ३० सेकंद, दहाव्या सेकंदाला क्लोरोबेन्झिन २०० मायक्रोलिटर, मग १०० अंशांवर १० मिनिटं. अडीच सेंमी काचेवर फिल्म चकचकीत. ५ सेंमीवर मधे छान, कडेला दुधी. क्लोरोबेन्झिन ८०० केलं, फरक नाही. पद्धत बदलू का? ग्लव्हबॉक्स आहे, बाष्पीकरणाचा चेंबर नाही.

शिसं_आयोडीन: कड दुधी कधी होते, हॉटप्लेटच्या आधी की नंतर? आधी फिल्म पारदर्शक असेल आणि तापवल्यावर धुरकटत असेल, तर आर्द्रता किंवा उरलेला डीएमएसओ बघा.

काचपट्टी: आधीच. स्पिनवर असतानाच.

शिसं_आयोडीन: मग दोष क्वेंचचा, म्हणजे ओल्या थरातला द्रावक झटकन काढण्याच्या टप्प्याचा. क्लोरोबेन्झिनचा थेंब मधे पडतो, तो कडेला पोचेपर्यंत तिथे स्फटिक धरायला लागलेले असतात. नुसतं प्रमाण वाढवून ही वेळ सांधत नाही. क्लोरोबेन्झिन बंद करा, त्याच वेळी वरून कोरडा नायट्रोजन सोडा. नोझल काचेपासून ३ ते ५ सेंमी वर. दाब इतकाच की ओल्या थरावर लाटा उठणार नाहीत. शाई तीच चालेल. आणि शाई गाळायचा फिल्टर पीटीएफई प्लास्टिकचाच घ्या, पीव्हीडीएफ प्लास्टिक डीएमएफमध्ये टिकत नाही.

दोन_टप्पे: दोन टप्प्यांतही कडेची वेळ साधण्याची कटकट नाही. पण लेड आयोडाइडचा थर फार दाट बसला की मिथिलअमोनियम आयोडाइड तळापर्यंत पोचत नाही. काच उलटी धरा. मागून पिवळसर दिसली तर खाली लेड आयोडाइड उरलंय.

शिसं_आयोडीन: बरोबर. म्हणून मोठ्या काचेसाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पुढे ब्लेडवर जायचंच असेल तर गॅस क्वेंच आत्ताच बसवून घ्या, तिथेही एअर नाइफ (वायूचा पातळ, सपाट झोत) हेच काम करते.

काचपट्टी: ब्लेडला हीच शाई?

शिसं_आयोडीन: नाही. डीएमएफ १५३ अंशांवर उकळतो, एअर नाइफला सुकवायला जड जातो. त्याऐवजी २-मेथॉक्सीइथेनॉल हा द्रावक, तो १२४ वर उकळतो. पण ते प्रजननाला घातक आहे, फ्यूम हूडशिवाय बाटली उघडू नका. त्यात डीएमएसओ थोडाच. जास्त झाला तर तापवताना तळातून निघतो आणि काचेच्या बाजूला पोकळ्या राहतात. वरून फिल्म झकास दिसते, म्हणून लक्षात येत नाही.

जाडीचा हिशोब: १.४ मोलर शाईत घन भाग आकारमानाने जेमतेम पाचवा हिस्सा. ५०० नॅनोमीटर फिल्मला ओला थर सुमारे अडीच मायक्रॉन. ब्लेडखालची फट १०० मायक्रॉन दिसली म्हणून तेवढा थर पडत नाही. वेग वाढवला की थर सहसा जाड होतो, स्पिनच्या अगदी उलट. पातळ हवा असेल तर ब्लेड हळू चालवा.