सादळणे, ओल आणि आर्द्रता : जुन्या दफ्तरांसाठी कोणता शब्द?

विचारणा, नांदेडहून : मोडी रुमालांच्या, म्हणजे मोडी लिपीतले जुने कागद कापडात बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांच्या, जतनावर टिपण लिहितेय. रुमालात कागदाची पट्टी सरकवतात, तिच्यावर अँटेना छापलेला असतो. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रीडर धरला की त्याच्याच रेडिओलहरींवर पट्टी चालते आणि आतल्या कागदात किती पाणी मुरलंय याचा अंदाज येतो. कागदातल्या या पाण्याला आणि ते मापणाऱ्या पट्टीला काय म्हणावं? 'आर्द्रता' म्हटलं की हवेचीच वाटते.

परभणीहून : ताई, सरळ 'ओल' म्हणा. आमच्याकडं पेरणीआधी मूठभर माती दाबून 'वल हाय का' बघतात. शब्द सगळ्यांना कळतो.

संभाजीनगरहून : 'ओल' इथं चुकेल. छत गळलं की गठ्ठ्याला ओल लागते. तिथं पाणी शिवलेलं असतं. नीट ठेवलेला रुमाल हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणजे सादळतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापडाचं होतं तेच. सादळलेलं पान हाताला ओलं लागत नाही, नुसतं मऊ पडतं आणि उलटताना वाजत नाही. बुरशी आणि कसर मग मागून येतात, म्हणून ही पायरी वेळेत कळणं फार मोलाचं. पट्टी नेमकं तेच पकडते. डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे विद्युत क्षेत्रात पदार्थ किती विद्युत ऊर्जा साठवतो याचं माप. कोरड्या कागदाचा तो साधारण २ ते ३, पाण्याचा ८०च्या आसपास. त्यामुळं कागदात थोडं पाणी वाढलं तरी अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सूर धरतो ती खाली घसरते. ती घसरणच रीडर वाचतो. 'सादळमापक पट्टी' लिहा.

अंबाजोगाईहून : 'सादळणे' पटलं. आमच्याकडं संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेली. कापडही सादळतंच, त्यामुळं शब्द कागदापुरता अडकत नाही. अँटेनाला मात्र 'अँटेना'च राहू द्या. 'आकाशक' वाचून दफ्तर सांभाळणाऱ्याला काही बोध होणार नाही, आणि 'शृंगिका' किड्यांच्या असतात.

नांदेडहून : 'सादळमापक पट्टी' घेते. हवेच्या मापाला 'आर्द्रता', गळतीला 'ओल'.

संभाजीनगरहून : टिपणात एवढं नक्की घाला : पट्टी पानाला डिंकानं चिकटवायची नाही, नुसती ठेवायची. आणि आपल्याकडची बहुतेक दफ्तरं लोखंडी कपाटात असतात. जवळ लोखंड असलं की अँटेनाचं वाचन बिघडतं. रुमाल बाहेर काढून लाकडी टेबलावर ठेवावा, मगच रीडर धरावा.