‘आत जाऊन आलाय’ हे मत नव्हे

‘तो आत जाऊन आलाय, असं म्हणणं हे नुसतं मत, त्यात कसली बदनामी?’ हे काही पटलं नाही. ‘माणूस तुसडा आहे’ हे मत. शिक्षा झाली की नाही, हे कोर्टाच्या कागदावर तपासता येतं. ते खोटं निघालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (जुन्या दंड संहितेत ४९९-५००), म्हणजे बदनामीचं कलम, लागू शकतं. २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खजिनदाराबद्दल एकाने ग्रुपवर टाकलं, ‘चारसोबीसमध्ये शिक्षा झालेला माणूस’. प्रत्यक्षात भावकीच्या जमिनीवरून नुसता तक्रारअर्ज होता, आरोपपत्रसुद्धा नाही. अर्ज, गुन्हा दाखल, आरोपपत्र, शिक्षा या वेगवेगळ्या पायऱ्या. एरवी ऱ्हस्वदीर्घावरून भांडणारे आपण पुणेकर इथे मात्र सर्रास घोळ घालतो. खजिनदार चौकीत गेले, तर अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा गुन्हा) म्हणून नोंद करून हातात कागद दिला. खरी वाट म्हणजे शिवाजीनगर कोर्टात खासगी फिर्याद, ३ वर्षांच्या आत. भरपाई हवी तर दिवाणी दावा, पण त्याला मुदत एकच वर्ष. आणि हो, ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटका होत नाही. मेसेज डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.