पुराचा नकाशा मोबाईलवर पाहता येते का?

वैनगंगाकाठ: आमचं गाव पवनी तालुक्यात, नदीला लागून. 2020 च्या ऑगस्टमधी इकडं पाऊस नव्हता पण मध्यप्रदेशातून पाणी आलं अन् गोसेखुर्द धरणाचे 33 गेट उघडले, धान पाण्यात. आधीच समजन असा एखादा नकाशा आहे का भाऊ?

झाडीवाला: इस्रोच्या भुवन या नकाशाच्या साईटवर पुराचे नकाशे येतेत. रडार सॅटेलाईट ढगातूनही पाहते, पण ते फोटो पाणी पसरल्यावरचे, अन् सॅटेलाईट रोज आपल्यावरून जात नाही. इशाऱ्यासाठी केंद्रीय जल आयोगाची साईट पाहा, नदीची पातळी अन् धोक्याची पातळी दोन्ही दिसते, नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजायच्या ठेसनवर वाढली का समजून जा.

नकाशाप्रेमी: बरोबर. पाणी कुठवर येईन ते जमिनीच्या उंचीवरून काढतेत, पण उंचीच्या फुकटच्या डेटात काही मीटरची चूक राहतेच, आपल्या सपाट भागात तेवढ्यात अख्खा टोला (वस्ती) बुडते! म्हणून 2020 ची पाण्याची खूण ज्या ज्या घरावर आहे तिचं जीपीएस घेऊन ओपनस्ट्रीटमॅपच्या फुकटच्या नकाशावर गावाचा स्वतःचा थर बनवा, पोरं दोन दिवसात करतेत.

वैनगंगाकाठ: हे जमते. आभाळातून पडणाऱ्या विजेचं काय?

झाडीवाला: दामिनी ॲप, लोकेशन चालू ठेवा. रोवणीच्या वेळी बांधीत (धानाच्या शेतात) रेंज नसते हा घोळ आहेच.