मदत हवी आहे: शर्यतीतल्या गाड्या फोटोत उभ्याच दिसतात, शटर किती ठेवू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. सहा वर्षं कॅमेरा वापरतेय, पण आजवरचा सगळा वेळ पक्ष्यांत गेला. हिवाळ्यात भिगवणचे रोहित, एरवी नदीकाठचे खंड्या आणि बगळे. गाड्यांच्या वाटेला कधी गेले नव्हते.

धाकट्या बहिणीचा मुलगा यंदा पहिल्यांदाच एलजीबी फॉर्म्युला ४ या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेत उतरलाय. गेल्या महिन्यात त्याची शर्यत बघायला आम्ही सगळे कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर गेलो होतो. दोन दिवसांत सहाशेवर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले आणि मन खट्टू झालं. फोटो स्वच्छ आहेत, हेल्मेटवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात, पण एकाही फोटोत गाडी पळत नाही. कुणीतरी रस्त्यात गाडी लावून, आत बसून फोटो काढून घ्यावा तशी दिसते. प्रत्यक्षात ती समोरून जाताना छातीत धडधडत होतं, त्यातलं फोटोत काहीच उतरलेलं नाही.

माहिती अशी: निकॉन डी ५६००, लेन्स एएफ-पी ७०-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय). शटर १/२००० सेकंद, छिद्र एफ/६.३, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४००. फोकस एएफ-सी, म्हणजे हलत्या वस्तूमागे सतत जाणारा. उभी होते प्रेक्षकांच्या जागेत, समोर तारेची जाळी. त्या जाळीनेही पुष्कळ फोटो खाल्ले, कॅमेरा गाडी सोडून तारेवरच फोकस करत होता. शटर १/६० ला आणूनही पाहिलं, पण दुपारच्या उन्हात फोटो पांढरे पडले आणि वर सगळंच हललं.

तीन आठवड्यांनी पुढची फेरी आहे. बहिणीला पोराचा एक मोठा फोटो भिंतीवर लावायचाय आणि तो मीच काढावा अशी तिची इच्छा आहे. माझीही आहे. नवीन लेन्स घेणं आत्ता शक्य नाही. आहे त्या सामानात काय करता येईल?

सिंहगडरोड

ताई, सामान पुरेसं आहे. पक्ष्यांची सवय आडवी आलीय, एवढंच. शटर १/१२५ करा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. याला पॅनिंग म्हणतात. बाकीचं जाणकार सांगतीलच.

वळणवेडा

सिंहगडरोड यांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी जरा फोड करून सांगतो. मद्रास आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर बरीच वर्षं फोटो काढतोय, सुरुवातीला माझेही फोटो असेच यायचे.

आधी हिशेब बघा. गाडी ताशी १०८ किलोमीटरने जातेय असं धरू, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. १/२००० मध्ये ती दीड सेंटिमीटर पुढे जाते. चाकाचा घेर अंदाजे १८० सेंटिमीटर धरला तर तेवढ्यात चाक फिरतं तीन अंश. तीन अंश डोळ्याला कळतही नाहीत, म्हणून चाक थांबलेलं दिसतं आणि चाक थांबलं की गाडी उभी. तेच १/१२५ ला गाडी २४ सेंटिमीटर जाते, चाक ४८ अंश फिरतं. आऱ्या विरघळायला लागतात. १/६० ला ५० सेंटिमीटर आणि १०० अंश. आता आऱ्या दिसतच नाहीत, नुसतं फिरतं वर्तुळ उरतं.

पक्ष्याचं वेगळं असतं. उडता पक्षी गोठवला तरी पंखांच्या ठेवणीवरून तो उडतोय हे कळतं. गाडीचं अंग पळताना आणि उभं असताना सारखंच दिसतं. तिचा वेग फोटोत दोनच ठिकाणांहून येतो, चाकं आणि पाठीमागचा देखावा. ही दोन्ही पुसली गेली पाहिजेत आणि गाडी मात्र स्थिर राहिली पाहिजे, म्हणून कॅमेरा तिच्याच चालीने फिरवायचा.

आता अंगाचं काम. जिथे शटर दाबायचं ठरवलंय त्या जागेकडे पावलं रोखून उभ्या राहा. मग कमरेतून वळून, गाडी जिकडून येणार तिकडे कॅमेरा न्या. पावलं हलवायची नाहीत. गाडी लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये पकडा, कोपरं अंगाला चिकटवा आणि कमरेतून एकसारखं फिरत या. समोर आली की शटर दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. नव्या माणसाचे बहुतेक फोटो इथे बिघडतात, क्लिक झालं की हात थांबतो. क्रिकेटमध्ये चेंडूला बॅट लागल्यावर बॅट तिथेच थांबवत नाहीत ना, अगदी तसं.

फोकसचा बिंदू एकच ठेवा, मधला, आणि तो हेल्मेटवर राहू द्या. गाडीचं नाक थोडं पुसलं, मागचा पंख थोडा पुसला तरी चालतं. हेल्मेट पुसलं तर फोटो गेला.

जागा निवडताना वळणाची आतली बाजू मिळतेय का बघा. आतून पाहिलं तर गाडी तुमच्याभोवती कमान काढत जाते, तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. त्यामुळे फोकसला धावावं लागत नाही आणि नाकापासून शेपटीपर्यंत गाडीचा जास्त भाग स्वच्छ येतो. सरळ पट्ट्यावर जवळ उभं राहिलं तर नाक आणि शेपूट तुमच्या नजरेसमोरून वेगवेगळ्या चालीने सरकतात, दोन्ही एकदम धरता येत नाहीत. शिवाय वळणावर गाडी हळू असते.

आणि हो, पाठीमागे काय आहे ते आधी बघा. झाडं, माणसं, टायरची रंगीत भिंत, काहीही चालेल. नुसतं आभाळ असेल तर १/३० ला काढलंत तरी चाकांपलीकडे कुठेच वेग दिसणार नाही, कारण आभाळात पुसायला काही नसतं.

कृष्णाकाठ

वळणवेडा, मनापासून आभार. तीन अंशांचा हिशेब वाचला आणि सहाशे फोटोंचं कोडं सुटलं. पण दुपारच्या उन्हाचं काय करू? आणि व्हीआर चालू ठेवू की बंद? कुणी सांगतं पॅनिंगला बंदच करा.

अंधारखोली

उन्हाचं मी सांगतो, फिल्मच्या काळापासून तोच हिशेब आहे. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि शटर १/१०० च्या आसपास उजेड जुळतो. एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक, म्हणजे १/६० हवं असेल तर एफ/२० च्या पुढे जावं लागतं. तुम्ही आयएसओ ४०० वरच ठेवून १/६० केलं असणार, म्हणून फोटो पांढरे झाले. पहिली गोष्ट, आयएसओ १०० वर आणा. ऑटो आयएसओ चालू असेल तर बंद करा. मोड एस ठेवा, शटर तुम्ही ठरवा, छिद्र कॅमेरा ठरवेल.

एफ/२० वर फोटो निघतो, पण दोन त्रास होतात. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, बारकावा मऊ पडतो. आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागते. उपाय स्वस्त आहे: एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळपट काच. तुमच्या लेन्सला ५८ मिलिमीटरचा बसतो. एनडी ४ घ्या, दोन स्टॉप उजेड कमी होईल, म्हणजे पाव राहील, आणि एफ/२० च्या जागी एफ/१० येईल. पोलरायझर फिल्टर घरात असेल तर तोही दीड ते दोन स्टॉप खातो आणि गाडीच्या पत्र्यावरची चमकही मारतो. ढग आले की फिल्टर काढून ठेवा.

व्हीआर चालू ठेवा. निकॉनच्या लेन्सना कॅमेरा एका दिशेने फिरतोय हे कळतं, मग त्या दिशेला त्या अडवत नाहीत, फक्त वरखाली होणारी थरथर सावरतात. तुमच्या लेन्सवर त्याचं बटण नाही, कॅमेऱ्याच्या मेनूत आहे, तेवढं तपासा. कॅमेऱ्याच्या मागच्या बटणाने फोकस करायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा, नुसतं ते बटण दाबून व्हीआर जागं होत नाही. शटरचं बटण अर्धं दाबलं की होतं. म्हणून गाडी येण्याआधी सेकंदभर अर्धं दाबून ठेवा, त्याला स्थिरावायला वेळ मिळतो.

सिंहगडरोड

व्हीआरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वळणावर गाडी तिरकी वर किंवा खाली जात असेल तेव्हा मला बंद ठेवूनच चांगले फोटो मिळालेत. ताई, सरावात दोन्ही करून बघा आणि तुमच्या हाताला जे मानवेल ते ठेवा.

अंधारखोली

तिरक्या चालीपुरतं मान्य.

मिरजजंक्शन

धाग्यात मध्येच विचारतो, माफ करा. माझा कॅमेरा मिररलेस आहे. सायलेंट शटरवर पॅनिंग केलं की मागचे खांब तिरपे येतात, आणि पॅनिंग न करता काढलं तर चाकं अंड्यासारखी दिसतात. कॅमेरा बिघडलाय का?

अंधारखोली

बिघडलेला नाही. सायलेंट शटरमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. शेवटची ओळ वाचेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते. शर्यतीला यांत्रिक शटर लावा, जवळजवळ सगळं सरळ येईल.

हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रान्सच्या झाक-आँरी लार्तिगने तरुणपणी फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये एका गाडीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट फिल्मच्या जागी असलेल्या काचेवरून सरकत जायची आणि तिला वेळ लागायचा. तो गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण गाडी त्याच्या हातापेक्षा जलद निघाली. त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं आणि कडेचे प्रेक्षक मागे झुकले. त्याला तो फोटो फसलेला वाटला होता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन झालं आणि पुढे हाच फोटो वेगाचं चित्र म्हणून जगभर ओळखला गेला. जमलं तर शोधून बघा. मी दर दोन-तीन वर्षांनी तो काढून बघतो.

वळणवेडा

जाळीचं राहिलं, ताई. लेन्सचं हूड काढा आणि लेन्सचं तोंड जाळीला जवळजवळ टेकवा. तार लेन्सच्या जितकी जवळ तितकी ती विरघळते. ऊन पडलेली तार चमकते आणि फोटोवर पांढुरकी झाक आणते, म्हणून जिथे जाळीवर सावली असेल अशी जागा शोधा. पॅनिंगमध्ये लेन्सबरोबर तारही सरकत जाते, त्यामुळे ती आणखी पुसली जाते. फोकस तारेवर जात असेल तर मॅन्युअल करा, गाडी जिथून जाणार त्या रस्त्याच्या कडेवर आधीच फोकस लावून ठेवा. प्रत्येक फेरीत गाड्या जवळपास त्याच ओळीवरून जातात, तेवढा भरवसा ठेवता येतो.

जाळीच्या पलीकडे जायचं असेल तर आयोजकांची परवानगी आणि अंगात जॅकेट लागतं. ते मिळालं तरी वळणाच्या बाहेरच्या बाजूला बसू नका, घसरलेली गाडी तिकडेच येते. ट्रॅककडे पाठ करून स्क्रीन बघत उभं राहायचं नाही. मार्शलने, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने, हटायला सांगितलं की आधी हटायचं, विचारायचं नंतर. हे मी कळकळीने सांगतोय.

तोवर घराजवळच्या रस्त्यावर सराव करा. फूटपाथवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटर. सुरुवात १/२५० ने. दहातले सात स्वच्छ यायला लागले की १/१२५, मग १/८०. एकदम १/३० वर उडी मारली की हाती काही लागत नाही आणि माणूस कंटाळतो.

कृष्णाकाठ

आठ दिवसांचा वृत्तांत. रोज संध्याकाळी तासभर विश्रामबागच्या रस्त्यावर उभी राहते. पहिल्या दिवशी १/१२५ ला ऐंशी फोटो काढले, एकही धड नाही. मग वळणवेडांचं ऐकून १/२५० वर परत गेले. पावलं आधी रोखायची ही गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. मी आजवर पक्ष्यामागे पावलांसकट वळत होते, त्यात कॅमेरा वरखाली होत होता हे आत्ता कळलं. आज १/१२५ ला दहातले चार स्वच्छ आले. एका दूधवाल्याच्या मोटरसायकलचा तर इतका सुंदर आलाय की त्याला प्रिंट काढून देणार आहे. एनडी ४ मागवलाय.

सिंहगडरोड

दहातले चार म्हणजे उत्तम. ट्रॅकवर हे प्रमाण घसरेल, तेव्हा धीर सोडू नका. शर्यतीचा फोटोग्राफर शेकड्याने काढतो आणि बोटांवर मोजण्याइतके ठेवतो.

कृष्णाकाठ

काल रात्री कोइमतूरहून परत आलो. आधी तुम्हालाच सांगायचं होतं.

शनिवारच्या सरावात सगळं १/२५० ला काढलं. दुपारी १/१२५. रविवारच्या शर्यतीला एका संथ वळणाच्या आतल्या बाजूला, जाळीवर झाडाची सावली पडलेली जागा मिळाली. पहिल्या तीन फेऱ्या नुसता कॅमेरा फिरवला, शटर दाबलंच नाही. गाड्यांची चाल अंगात बसल्यावर १/८० वर गेले. एका गाडीमागे तीन-चार फोटोच घेत होते. भाच्याची गाडी दिसली की हात थरथरायचा, म्हणून ती येण्याआधीच्या दोन गाड्यांवरही कॅमेरा फिरवत राहिले. तेवढ्याने हात तालात यायचा.

३८० फोटोंतले ११ ठेवले. त्यातला एक भिंतीवर जाईल असं वाटतंय: १/८०, एफ/९, आयएसओ १००, २१० मिलिमीटर, एनडी ४. हेल्मेटवरचे पट्टे रेघ न रेघ स्वच्छ, चाकांच्या आऱ्या गायब, मागची टायरची भिंत लाल-पांढऱ्या पट्ट्यांत वाहून गेलीय. जाळी कुठेच दिसत नाही. फक्त गाडीचं नाक थोडं मऊ आहे. कातरून ४५०० बाय ३००० पिक्सेल उरलेत. १८ बाय १२ इंच प्रिंट निघेल का? आणि नाक शार्प करून घेऊ का?

वळणवेडा

अभिनंदन, ताई! १८ बाय १२ ला इंचामागे २५० पिक्सेल पडतात, बिनधास्त काढा. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर भिंतीवरचा दिवा दिसत राहतो. नाकाला हात लावू नका, ते वेगानेच मऊ झालंय. फक्त हेल्मेटच्या भागात सावली किंचित उचलून, म्हणजे काळोखा भाग उजळून, बघा, व्हायझरमागे डोळे दिसत असतील तर बहिणीला तेच आधी दिसतील.

कृष्णाकाठ

उचलून पाहिली. दिसतायत.