एनएफएलचा आकडा वय-वजनाशी ताडून बघा

'रक्तातलं एनएफएल वाढलं म्हणजे एमएस बळावला' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंना इजा करणारा आजार. एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट चेन, हे मज्जातंतूच्या लांब धाग्याच्या सांगाड्यातलं प्रथिन. धागा तुटला की ते पाठीच्या पाण्यात उतरतं, तिथून चिमूटभर रक्तात. मोजायचं तेही पिकोग्रॅममध्ये. पण धागा कशानं तुटला, हे ते सांगत नाही. डोक्याला मार लागला, पक्षाघात झाला तरी ते वाढतंच.

माझ्या ताईला एमएस आहे; तिचा एनएफएलचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सुतकी शांतता. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून आधी वय आणि वजन विचारलं, मग एमएसचा शेवटचा अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उफाळणं, कधी आला ते. वयानुसार हा आकडा आपसूक चढतो, अंगानं भरलेल्या माणसात कमी दिसतो आणि अटॅकनंतर दोन-तीन महिने चढाच राहतो. ताईचा अटॅक जेमतेम पाच आठवड्यांपूर्वीचा! स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 2022 मध्ये वय-वजन धरून तुलनेचे तक्तेच छापलेत, ते याचसाठी. आणि अटॅक न येता हळूहळू चालणं बिघडत असेल, तर एनएफएलपेक्षा जीएफएपी (मेंदूतल्या आधारपेशींचं प्रथिन) जास्त बोलकं ठरतंय.